काकूंचं ‘बरं आहे’

चष्मेवाल्या काकूंना कुणीही, कधीही "कशा आहात?" म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं. "बरं आहे." ताप असो, दाढ ठणकत असो, घरात पाइप फुटून तळं झालेलं असो, काकूंचं आपलं बरं आहे. एकदा जिन्यावरून घसरल्या, पाय भोपळ्यासारखा टम्म सुजला. शेजारीण धावत आली, तर या पडल्या पडल्याच म्हणतात, "बरं आहे हो. तुमचं जेवण झालं का?" आता अशा बाईला काय म्हणावं? स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरंच. पण काकूंच्या बाबतीत भलतंच झालं. स्वभावापायी औषधच मिळेना, अशी पाळी आली.

काकू चष्म्याच्या दुकानात कामाला. दुकान मालकांचं, पण गिऱ्हाइकं काकूंची. काचा कुठूनही आणा, फ्रेम कितीही भारी घ्या, चष्मा शेवटी नाकावर नीट बसायला हवा, आणि तो बसवावा काकूंनीच. काडी गरम हवेवर धरून कानामागे किती वाकवायची, नाकावरची पॅडं किती फाकवायची, हे त्या माणसाकडे एकदा बघूनच ठरवायच्या. लहान मुलांचे चष्मे तर खास त्यांच्याकडे. चष्म्याचा स्क्रू म्हणजे मोहरीएवढा. तो चिमटीत धरायचा, भोकात उतरवायचा, आणि काडी ना सैल ना घट्ट अशी आवळायची. मालक स्वतः करायला बसले की स्क्रू एकीकडे, मालक टेबलाखाली.

त्यात एक त्यांचा खास राग होता. चष्मा घातल्यावर गिऱ्हाईक भिडेखातर "ठीक आहे" म्हणालं की काकू फिरल्याच. "ठीक म्हणजे काय? मला बरं वाटावं म्हणून बोलू नका. टोचतंय की नाही ते सांगा! घरी जाऊन डोकं धरून बसाल, आणि नाव माझं खराब होईल." भलेभले मग हळूच कबूल करायचे की हो, डाव्या कानाला जरा टोचतंय.

अशा या काकूंच्या हातांना संधिवातानं धरलं. वयानं सांधे कुरकुरतात तसला साधा नव्हे. शरीरच आपल्या सांध्यांवर उठतं, आतून पोखरत जातं, तसला. सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत. आधी वाटलं थंडीनं असेल. मग वाटलं कामानं असेल. शेवटी काकांनी धरून दवाखान्यात नेलं.

काका म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त. ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी बसमध्ये असायची, ती त्यांनी घरी येताना सोबतच आणली असावी. दिवसाकाठी चार वाक्यं बोलले तर खूप. काकू एकट्याच दोघांचं बोलायच्या. अलीकडे तर त्यांच्या मागे एकच लकडा, "अहो, नळ नीट बंद करत जा ना! दिवसभर टपटप, टपटप. एवढी मोठी बस थांबवत होतात, नळ थांबवता येत नाही?" काका मान हलवायचे. नळ टपकतच राहायचा.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हुशार होत्या. त्यांनी आधी एक गोळी सुरू केली. काही महिन्यांनी दुसरी जोडली. दर खेपेला विचारायच्या, "कशा आहात?" आणि दर खेपेला काय उत्तर यायचं ते सांगायला नको. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण काकूंची आणखी एक तऱ्हा होती. दवाखान्यात जायचं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्यांकडे जायचं. त्या दिवशी लवकर उठून हात कोमट पाण्यात बुडवून बसायच्या, वर एक दुखण्याची गोळी घ्यायच्या, बोटं चोळून चोळून सरळ करायच्या, आणि मग नीटनेटक्या होऊन डॉक्टरांसमोर बसायच्या. "इतकी मेहनत घेते बिचारी माझ्यासाठी. तिच्यापुढे असले वेडेविद्रे हात कसे न्यायचे?" आहे की नाही कमाल! घर झाडायला बाई येणार म्हणून आधी घर झाडून ठेवायचं, त्यातली गत.

तपासण्या मात्र भिडेला बधत नाहीत. बोटांचा एक्स-रे निघाला आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. हाडं कडेनं झिजायला लागली होती.

"काकू, आता गोळ्यांवर भागणार नाही. इंजेक्शन सुरू करायचं. घरीच घ्यायचं असतं, सोपं आहे. पण लवकर. एकदा बोटं वाकडी झाली की ती सरळ करायचं औषध माझ्याकडे नाही."

हे ऐकून मात्र काकूंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. वाकडी बोटं म्हणजे चिमटी नाही, चिमटी नाही म्हणजे स्क्रू नाही, आणि स्क्रू नाही तर काकू दुकानात बसून करणार काय, आरसा पुसणार? ते काम म्हणजे त्यांचा जीव होता. तरी बाहेर येऊन काकांना म्हणाल्या, "विशेष काही नाही. औषध बदललंय."

चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात गेल्या. औषधवाला जुना, ओळखीचा. त्यानं कॉम्प्युटरवर नाव घातलं, आणि त्याचा हात थांबला.

"काकू, विमा कंपनी नाही म्हणतेय."

"नाही म्हणजे? मालकांनी आम्हा सगळ्यांचा विमा उतरवलाय. हप्ते नेमानं जातात."

"विमा आहे हो. पण म्हणून दुकानातलं प्रत्येक औषध त्यात बसतं असं नसतं." त्यानं स्टूल पुढे केलं, आणि मागे रांग असूनही नीट समजावून सांगितलं. प्रत्येक कंपनीची आपली एक यादी असते. डॉक्टर आणि औषधांतले जाणकार मिळून ती ठरवतात. कुठल्या औषधानं किती गुण येतो, धोका किती, आणि त्याच गुणाचं स्वस्त औषध आहे का, हे सगळं बघतात. मग पायऱ्या लावतात. खालच्या पायरीवर जुनी, स्वस्त, खात्रीची औषधं. ती घेऊनही भागलं नाही असं दिसलं, तरच वरच्या पायरीचं महाग औषध.

"पण मी दोन्ही गोळ्या घेतल्या की! एकही चुकवली नाही."

"घेतल्यात. पण त्यांनी गुण आला नाही, असं कुठं दिसत नाहीये. उलट लिहिलंय की रुग्णाला आराम आहे." औषधवाला जरा चाचरत म्हणाला, "पदरचे पैसे घालून घ्यायचं म्हटलं तर... घर विकावं लागेल काकू. त्यापेक्षा डॉक्टरांना भेटा. फेरविचार मागता येतो. मागाच."

काकू स्टुलावरून उठल्या आणि सवयीनं त्याला म्हणाल्या, "बरं आहे." बाहेर फुटपाथवर आल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हणालो. त्यांना स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या सगळ्या भेटींच्या नोंदी पडद्यावर काढून त्यांच्यापुढे वळवल्या. वरपासून खालपर्यंत तेच. ‘रुग्णाला बरं आहे.’ ‘तक्रार नाही.’ ‘तक्रार नाही.’

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "हात हातात घेऊन नीट बघायला हवे होते, घाईघाईत मी तुमच्या बोलण्यावर गेले. पण काकू, एक सांगू? हा माझा चष्मा आठवतो? मी ‘ठीक आहे’ म्हणाले तर तुम्ही सगळ्या दुकानासमोर मला झापलं होतं. टोचतंय की नाही ते सांगा म्हणून! आणि तुम्ही इथं येऊन मला काय सांगताय गेलं वर्षभर?"

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या खाली मान घालून म्हणाल्या, "तुम्ही एवढं करता माझ्यासाठी. त्यावर आणखी रडगाणं गायचं म्हणजे केलेलं विसरल्यासारखं वाटतं हो."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी काकूंचे दोन्ही हात टेबलावर घेतले, एकेक सांधा दाबून पाहिला, आणि काकूंनी पहिल्यांदा, अगदी बारीक आवाजात, "आई गं" म्हटलं. फेरविचाराचा अर्ज तिथल्या तिथे गेला. "कंपनीची नर्स तुम्हाला फोन करेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "रोजचं काय जमतं, काय जमत नाही, ते विचारेल. त्यावर बरंच अवलंबून आहे. खरं सांगायचं. माझी शपथ."

शपथ घातली खरी, पण जन्माची खोड शपथेनं जाते का? फोन येईपर्यंत काकू मनाशी घोकत होत्या, खरं सांगायचं, खरं सांगायचं. आणि दुसरं मन म्हणत होतं, अगं, काय धाड भरलीय तुला? नवरा भला आहे, डोक्यावर छप्पर आहे, दुकानात मान आहे. लोकांना काय काय भोगावं लागतं! देवानं एवढं दिलं, तरी तू तक्रारी सांगत बसणार?

फोन आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या. फोन कानाशी धरून बोटं अवघडतात म्हणून तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. काका ओट्याशी भांडी विसळत होते. पलीकडच्या नर्सबाईंना सर्दी झाली होती, बोलता बोलता शिंकत होत्या.

"अगं बाई, सर्दी झालीय का तुम्हाला?" काकूंनी आधी तिचीच विचारपूस केली. "आल्याचं पाणी घ्या."

"घेते हं काकू. आता माझे प्रश्न. कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात?"

"येतात की."

"बटणं?"

"लावते. जरा वेळ लागतो, पण लावते."

"नळ फिरवता येतो?"

"हो, हो."

"बरण्यांची, बाटल्यांची झाकणं?"

"उघडते ना. रोज उघडते." यात काकू खोटं बोलत नव्हत्या बरं का. रोजच उघडत होत्या. त्यांना स्वतःलाच जरा हायसं वाटलं, की चला, एवढं तरी आपल्याला येतंय. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज येत होता. नर्सबाई टिपून घेत होत्या.

तेवढ्यात ओट्याकडून आवाज आला. "नाही येत."

काकूंनी वळून पाहिलं. काका ओले हात तसेच धरून उभे होते.

"अहो, काय नाही येत? सकाळीच तर कॉफीची बरणी..."

"मी सैल करून ठेवतो," काका म्हणाले. "तू उठायच्या आधी. सगळी झाकणं. कॉफी, साखर, तेल, तुझी ती क्रीमची डबी. नुसती टेकवून ठेवतो."

मागे नळ टपटपत होता. आणि मग चालकानं पाटी काढूनच टाकली. काका फोनपाशी आले, खाली वाकले, आणि बोलायला लागले. "बाई, नळही तिला फिरवता येत नाही. मी तो पुरता बंदच करत नाही, म्हणजे तिला नुसतं बोट लावलं की पुरे. स्वेटरची काजं मी ब्लेडनं मोठी केली आहेत. दाराची मूठ बदलून लांब दांड्याची बसवली, तिला सांगितलं जुनी मोडली. मोडली नव्हती. ती झोपेत कण्हते. सकाळी विचारलं तर म्हणते बरं आहे. तिला वाटतं तिला जमतंय. मला वाटलं, तिला तसं वाटतंय तर वाटू द्यावं. कुठं तिला जाणवून द्यायचं? पण आता तुम्ही ते लिहून घेणार असाल, तर ते खोटं आहे. तिला जमत नाही. माझ्यामुळं जमल्यासारखं दिसतंय."

एवढं सलग बोलताना त्यांना काकूंनी लग्नाच्या आधीही ऐकलं नव्हतं. रोज सकाळी टपकत्या नळावरून आपण या माणसाला किती बोललो, ते सगळं काकूंना एका झटक्यात आठवलं, आणि त्यांना रडूच फुटलं. लाजेचं होतं, मायेचं होतं, आणि इतक्या दिवसांच्या दुखण्याचंही होतं.

नर्सबाई म्हणाल्या, "काका, पुन्हा सांगा. हळू. मला सगळं लिहून घेऊ द्या." काकांनी पुन्हा सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही. आम्हाला इथून माणूस दिसत नाही हो, लिहिलेलं तेवढंच दिसतं. मगाशी तुम्ही हो-हो म्हणालात, त्यावर मी तुम्हाला वरच्या औषधाची गरज नाही असं लिहिलं असतं, आणि नियमानं ते बरोबर ठरलं असतं."

मग काकू बोलल्या. डोळे पुसत पुसत सगळं सांगितलं. चिमटीतला स्क्रू आता कळतच नाही, बोटाला ओल लावून चिकटवून उचलते. एका चिमुरडीचा चष्मा हातातून पडला, तर तिच्या आईला म्हणाले, उद्या या, पार्ट मागवायचाय. पार्ट होता, हात नव्हता. तेव्हापासून असले चष्मे मालकांच्या पुढ्यात ठेवते, तेही टेबलाखाली स्क्रू शोधत का होईना, काही न विचारता करून देतात, आणि त्यांनीही कधी तोंडातून शब्द काढला नाही. पोराबाळांच्या नाकावर चष्मा बसवून त्यांना पहिल्यांदा लांबचं झाड दिसतं, तेव्हा ती कशी हसतात ते बघायला मी दुकानात जाते हो. ते गेलं तर मी काय करू? दुखतं. फार दुखतं. बरं नाहीये मला.

"शाब्बास," नर्सबाई म्हणाल्या, आणि शिंकल्या.

निकाल यायला दिवस लागले. काकूंना ते फार जड गेले. मग एका दुपारी दुकानात औषधवाल्याचाच फोन आला. "काकू, पडद्यावर हिरवं आलंय! या, घेऊन जा!" काकू तशाच निघाल्या. मालकांनी अर्धवट फ्रेम त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "जा तुम्ही. इथं मी बघतो." आणि लगेच त्यांच्या हातून स्क्रू टेबलाखाली गेला.

काकूंना त्या नर्सबाईंचे आभार मानायचे होते. नाव विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून कंपनीचाच नंबर लावला. तिथं ध्वनिमुद्रित बाई सांगायला लागल्या, दाव्यासाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा. आभारासाठी काही नव्हतंच! काकूंनी विचार केला आणि तक्रारीचा आकडा दाबला. कुणी मुलगा आला. "बोला, काय तक्रार आहे?"

"तक्रार अशी की तुमच्याकडे एक सर्दी झालेल्या बाई आहेत, त्यांनी माझे हात वाचवले, आणि त्यांना ते कळवायची तुमच्याकडे सोयच नाही."

मुलगा हसला आणि म्हणाला, शोधून कळवतो. कळवलं की नाही देव जाणे. काकूंनी मात्र त्यांचं नाव माहीत नसतानाही रोज त्यांच्यासाठी हात जोडले. औषधवाल्यासाठी जोडले, डॉक्टरीणबाईंसाठी जोडले. पुढच्या भेटीला कोमट पाणी नाही, दुखण्याची गोळी नाही, जसे होते तसे हात घेऊन गेल्या, आणि जिथं जिथं दुखत होतं तिथं तिथं बोट ठेवून सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहून लिहून दमल्या.

इंजेक्शनाचा गुण काही जादूसारखा आला नाही. आधी सकाळचा ताठरपणा थोडा कमी झाला. मग सूज उतरायला लागली. झालेली झीज भरून येणार नव्हती, पण पुढची थांबली. एके दिवशी काकूंनी दुकानात स्क्रू चिमटीत उचलला, आणि तो आहे हे बोटांना कळलं. त्या दिवशी त्यांनी तीन मुलांचे चष्मे केले, आणि घरी येऊन काकांना तेच तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. काका मान हलवत ऐकत राहिले. पाटी पुन्हा लागली होती.

मग एका सकाळी काकूंनी चहासाठी साखरेची बरणी ओढली आणि झाकणाला हात लावला. झाकण हललं नाही. पुन्हा लावला. छे! घट्ट. त्यांना वाटलं, साखर अडकली असेल. हाक मारायला म्हणून मान वर केली, तर काका ओट्याशी पाठ करून उभे. हातात एक कप, धुतलेलाच, आणि तोच ते पुन्हा पुन्हा धूत होते. काकूंनी हाक मारली नाही. त्यांनी बरणी पोटाशी धरली, ओठ आवळले आणि जोर लावला. टक् असा आवाज झाला, आणि झाकण फिरलं.

काका वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "आज सैल करायला विसरलात?"

"विसरलो नाही. रात्री मीच आवळलं." काकांनी कप खाली ठेवला. "मग झोपच येईना. उठून पुन्हा सैल करावं का, असं वाटत राहिलं. दोनदा उठलोसुद्धा. पण नाही केलं."

काकू बरणी तशीच पोटाशी धरून त्यांच्याजवळ गेल्या. "जन्मात कुणी कुणासाठी इतकं केलं नसेल हो," त्या म्हणाल्या. काकांनी त्यांची बोटं आपल्या ओल्या हातांत घेतली आणि दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले. मागे चहा उतू गेला. उरलेला त्यांनी दोन कपांत गाळला, साखर घालायची राहून गेली ती राहूनच गेली, आणि दोघांनी तो तसाच, एकमेकांकडे बघत, पिऊन टाकला.